दहावा दाखला

७८६
हवल्ली, कुवेत
गुरुवार, १८ फेब्रुवारी १९६५

प्रिय बिल्कीस फुफी,
अस्सलामु अलैकुम.

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट लिहिली. गेल्या वर्षभरात मी ऑफिसात हत्यारांचे दहा दाखले टाइप केले, असं लिहिलं होतं. ते दहा नाहीत, नऊ आहेत. पत्र पेटीत टाकून घरी आले, वही काढली, तीनदा मोजले. तीनदा नऊच आले.

एवढ्यासाठी वेगळं पत्र का, असं तुम्ही म्हणाल. पण चूक खोडून काळी करायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं, म्हणजे आधी काय चुकलं होतं तेही वाचता येतं, हे तुम्हीच ओटीवर बसवून शिकवलंत. तर 'दहा'वर एक रेघ मारा आणि वर 'नऊ' लिहा.

हे दाखले कसले, तेही मी नीट सांगितलं नव्हतं. हारूनभाईंनी 'मुनिरा बंदुकांच्या कंपनीत लागली' एवढंच कळवलं आणि तुम्ही विचारलंत, पोरीला बंदुका पुसायला ठेवलंय का. मी अजून बंदूक पाहिलेली नाही. आमची अल-सफीना कंपनी विलायतेतल्या एका कारखान्याची इथली एजंट आहे. कुवेतच्या फौजेला लागणारा माल तिच्यामार्फत येतो. विलायतेचा नियम असा, की घेणारा देश कितीही दोस्तीतला असो, माल निघण्याआधी लेखी हमी पाहिजे: हा माल इथल्याच फौजेसाठी आहे, तो दुसऱ्या कोणाला विकणार नाही, देणार नाही. ती हमी म्हणजे हा दाखला. आम्ही तो टाइप करून शिक्का मारून पाठवतो. तिकडे पार्लमेंटला हवं तेव्हा ते असे कागद मागवून बघतं.

आता पार्लमेंटने ते मागवले आहेत. दूर कुठल्याशा डोंगराळ मुलखात लढाई चालू आहे. तिथे एका वार्ताहराला काडतुसांच्या पेट्या दिसल्या, पेट्यांवर 'कुवेत' छापलेलं. फोटो विलायतेच्या पेपरात आला. दोस्ताला विकलेला माल तिथे कसा पोचला, असा सवाल सभेत झाला आणि तपासाला सभासदांची एक समिती बसली. समितीला आमच्या कंपनीचे दाखले सापडले ते दहा, आणि फोटोतल्या पेट्या दहाव्या दाखल्यावर निघालेल्या चारशे पेट्यांतल्या.

गेल्या आठवड्यात आमचे मॅनेजर हॉब्सनसाहेब माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "दहाही तूच टाइप केलेस, नाही का?" साहेब उभे आणि मी बसलेली, या गडबडीत मी "हो साहेब" म्हणून गेले. तेच तुम्हाला लिहिलं.

वहीत मी रोज काय टाइप केलं ते लिहून ठेवते. पण दहावा दाखला १२ नोव्हेंबरचा आहे, आणि त्या आठवड्यात माझी वही कोरी आहे. मला ताप होता. मधे एक-दोन दिवस तशीच ऑफिसला गेले होते. त्या तापात मी तो टाइप केला असेन का? फुफी, मला आठवत नाही. नऊ म्हणताना जीभ अडते आणि दहा म्हणतानाही.

नूरीभाभींची तब्येत बरी आहे. त्यांना तुमचे नागलीचे पापड आवडले.

तुमची,
मुनिरा


७८६
बाणकोट
४ मार्च १९६५

मुनिरा बेटी,
व अलैकुम अस्सलाम.

पत्र पोचलं. दहावर रेघ मारली, वर नऊ लिहिलं. शाई जरा फुटली, तेवढं माफ कर.

तू सात वर्षांची असताना रबियाच्या घरून एक आंबा आणलास आणि मग तो तिने दिला की तू उचललास, हे आठवेना म्हणून दोन दिवस जेवली नाहीस. शेवटी मी तुला घेऊन रबियाकडे गेले, तर ती म्हणाली, कसला आंबा. तीच तू आहेस. पार्लमेंट असो की रबिया, तुझं पोट दुखायचं ते दुखतंच.

माझं ऐक. तापात माणसाच्या हातून काहीही होतं. साहेबाने विचारलं तर सांग, चुकलं असेल तर माझं चुकलं. चूक कबूल करायला मी तुला शिकवलं आहे, तिथे मान खाली घालायचं कारण नाही. एक कागद जास्त टाइप झाला म्हणून कोण फाशी देतं? हारूनची नोकरीही त्याच कंपनीच्या गोदामात आहे, तेही ध्यानात ठेव. अब्बा गेल्यापासून तुम्हा दोघांना वाढवताना माझे केस पिकले, ते काही गोळ्या-बंदुकांच्या भांडणात पडायला नाही.

रबिया परवा येऊन बसली होती. तिचा अशरफ आता मुंबई-कुवेत आगबोटीवर कारकून झाला आहे. दोनदा तिने तुझी चौकशी केली. दोन्ही वेळा तिने माझ्याकडे सुपारी मागितली, म्हणजे चौकशी मुलासाठी होती.

भात कांडून झाला. खाडीला यंदा कोळंबी बरी आहे.

तुझी फुफी,
बिल्कीस


७८६
हवल्ली, कुवेत
शनिवार, २० मार्च १९६५

प्रिय फुफी,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र आणि हॉब्सनसाहेबांचा कागद एकाच दिवशी, गुरुवारी, माझ्या हातात आले. पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. कागद त्यांनी दुपारी पुढे ठेवला.

कागदावर माझ्या नावाने चार ओळी होत्या: दहावा दाखला मी, मुनिरा, हिने कोणाच्या सांगण्याशिवाय, जुन्या दाखल्यांवरून चुकून टाइप केला, आणि शिक्का मारून डाकेत घातला. खाली सहीला जागा. साहेब अगदी गोड बोलत होते. म्हणाले, टायपिस्टची चूक आहे, टायपिस्टच्या चुकीला कोणी शिक्षा करत नाही, तू मुंबईला परत जा, तिकीट कंपनी देईल, भावाची नोकरी चालू राहील. मग जाता जाता म्हणाले, सही नसेल तर दोघांचा इकामा रद्द करायला एक फोन पुरतो. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो कंपनीच्या हातात असतो.

हारूनभाई घरी म्हणाले, सही कर. तुम्हीही तेच लिहिलं होतं. आणि मी करणार होते, फुफी. आज सकाळी पेन उघडलं होतं. मला वाटत होतं, तापात झालंच असेल, सगळे म्हणतात म्हणजे झालंच असेल.

पण सहीच्या आधी साहेबांनी आणखी एक काम दिलं. समितीचं पत्र आलं होतं, त्याचं उत्तर टाइप करायचं होतं. समितीने विचारलं होतं: तुमच्या नऊ दाखल्यांच्या माथ्यावर क्रमांक ७८६ आहे, दहाव्याच्या माथ्यावर ७८७. हे क्रमांक कशाचे, आणि ते कोण देतं?

मी ते पुन्हा वरपासून वाचलं.

ते ७८६ मी लिहिलेत. कोणीही लिहायला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मशीनमध्ये कागद घातला, आणि कागद कोरा आहे म्हटल्यावर बोटं आपोआप डाव्या कोपऱ्यात गेली. तुमच्याकडे ते विसरलं की आख्खं पान पुन्हा लिहावं लागायचं, ते बोटांना अजून आठवतं. नंतर कळलं, की बिस्मिल्लाच्या अक्षरांच्या किमतींची बेरीज माथ्यावर लिहायची ही चाल आपल्याकडची आहे. इथल्या अरबांना ती माहीत नाही. ते बिस्मिल्ला लिहितात तर पूर्ण लिहितात, आकड्यात नाही. आमचे मालक हाजी यूसुफ कुवेतचेच, त्यांनाही तो फाइलचा नंबर वाटला. हॉब्सनसाहेबांनाही. मला एकदा वाटलं होतं सांगावं, पण सरकारी कागदावर न विचारता लिहिलं म्हणून रागावतील या भीतीने गप्प बसले. वर्षभर गप्प बसले. ही माझी खरी चूक, आणि ती कोणी विचारलीच नाही.

मी साहेबांना विचारलं, "उत्तरात काय लिहू?"

ते म्हणाले, "लिही, ७८६ ही पहिल्या कराराची फाइल, ७८७ ही दुसऱ्याची."

"७८७ नंबर कोणी दिला, साहेब?"

"तूच दिलास. सगळे नंबर तूच देतेस."

त्यांनी ते माझ्याकडे न बघता सांगितलं. फुफी, मला त्या क्षणी जेवढं हलकं वाटलं तेवढं कुवेतला आल्यापासून वाटलं नव्हतं. ताप कितीही असो, मी बेशुद्ध असो, माझ्या हातून कागदाच्या माथ्यावर ७८७ येणार नाही. ते त्याच माणसाच्या हातून येईल, ज्याला ७८६ हा नंबर वाटतो आणि म्हणून त्याच्यापुढचा नंबर द्यावासा वाटतो.

मी पेनाचं टोपण लावलं. म्हटलं, मला विचार करायला दोन दिवस द्या. सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

आता सांगा, मी काय करू? समितीला खरं कळवायचं तर आधी हे सांगावं लागेल, की मी वर्षभर दुसऱ्याच्या कागदावर न विचारता लिहीत होते. आणि त्यांनी म्हटलं, ही आत्ता रचलेली गोष्ट आहे, तर माझ्याकडे काय आहे? वही माझी, बोट माझं, शब्द माझा. ऑफिसचा एकही कागद मी घरी आणलेला नाही आणि आणणारही नाही.

तुमचं उत्तर सोमवारच्या आत येणार नाही, हे मला कळतं. तरी विचारते.

मुनिरा


७८६
बाणकोट
२ एप्रिल १९६५

मुनिरा,

आधी माझं मागचं पत्र घे आणि त्यातल्या सल्ल्यावर एक रेघ मार. काळं करू नकोस, रेघच मार. तुझी फुफी किती मोठी गाढव होती ते पुढच्यांनाही वाचता आलं पाहिजे. चूक कबूल करायची म्हणजे आपली. दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणं याला कबुली म्हणत नाहीत, आणि हे तुला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

तुझं पत्र मी चुलीपाशी वाचलं आणि ७८७ वाचून इतकी हसले, की रबिया शेजारून धावत आली. तिला सांगितलं तर तीही हसली, आणि मग दोघी रडलो. सातशे सत्त्याऐंशी! बेटी, ही संख्या बकऱ्या मोजताना येते. कागदाच्या माथ्यावर ती लिहिणारा माणूस आपल्या किनाऱ्यावर जन्माला यायचा आहे. त्या साहेबाने चोरी करताना टोपी आपल्या माणसांची घातली, पण उलटी घातली.

तू विचारतेस, तुझ्याकडे काय आहे. माझ्या पेटीत आहे. तू पहिल्यांदा मामांकडे हर्णैला राहायला गेलीस ते ५७ साल, तेव्हापासून तू मला पाठवलेलं एकही पत्र मी टाकलेलं नाही. मुंबईत डोंगरीला टायपिंग शिकायला होतीस तेव्हाची आठवड्याला दोन. कुवेतची सगळी. पहिल्यांदा टाइप करून पाठवलेलं इंग्रजी पत्र, जे मला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं. एकूण एकशे सव्वीस. प्रत्येकाच्या माथ्यावर ७८६ आणि प्रत्येकाच्या पाकिटावर सरकारी टपालाचा ठसा, तारखेसकट. तो ठसा तू मारलेला नाहीस आणि मीही नाही.

मी गठ्ठा मेणकापडात शिवला. अशरफ चार दिवसांच्या रजेवर आला आहे, सात तारखेला मुंबईहून त्याची आगबोट सुटते. गठ्ठा त्याच्या हाती देते. त्याने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, मुनिराचा वकील.

त्यात ६२ सालचं एक पत्र आहे, ज्यात तू लिहिलंस की रबियाखालाच्या कालवणात मीठ इतकं असतं की समुद्रातला मासा पुन्हा समुद्रात गेल्यासारखा वाटतो. ते मी काढून ठेवलं होतं. मग परत आत घातलं. पुरावा निवडून देत नाहीत. रबियाला कळलं तर कळलं.

सोमवारी तू काय केलंस ते मला माहीत नाही. केलं असशील ते बरोबरच असेल. सही केली असशील तरी हा गठ्ठा जाऊ दे, सहीवरही रेघ मारता येते.

तुझी फुफी


७८६
अबू हलीफा, कुवेत
२२ एप्रिल १९६५

आदरणीय फुफी,
अस्सलामु अलैकुम. बकरी ईद मुबारक, उशिराने.

पत्ता बदललेला बघून काळजी करू नका. मुनिराने तुम्हाला कळवलं नसेल, ती कळवणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

२२ मार्चला तिने हॉब्सनसाहेबाला सांगितलं, की मी सही करणार नाही, आणि समितीला मी स्वतः पत्र लिहिणार आहे. आधी त्याला सांगितलं, मग लिहिलं. मी म्हटलं, आधी सांगायची काय गरज होती? तर म्हणे, पाठीमागून केलं असं व्हायला नको. त्याच दिवशी तिला कामावरून काढलं आणि कंपनीची हवल्लीची खोली महिनाअखेर सोडायला सांगितली. आम्ही इथे समुद्राकाठी दोन खोल्या घेतल्या आहेत.

मी तिच्याशी नऊ दिवस बोललो नाही. नूरीने जेवण वाढताना माझ्या ताटाशी वाडगा आपटून आपटून ठेवला, तरी बोललो नाही. माझी नोकरी जाणार, नूरीला सातवा महिना लागलेला, आणि ही विलायतेच्या पार्लमेंटला रजिस्टर पत्र पाठवते. मला वाटलं, ही आंब्याची पोर आम्हाला बुडवणार.

दहाव्या दिवशी गोदामात बसलो होतो. पुढ्यात आवक-वही होती. ती मीच लिहितो. मनात आलं, दहाव्या दाखल्याच्या चारशे पेट्या शुवैख बंदरात उतरल्या असतील तर माझ्याच वहीत असतील. पहिल्या नऊ दाखल्यांचा माल ओळीने सापडला. दहाव्याचा एक खिळा सुद्धा आमच्याकडे आलेला नाही. जहाज इथे लागलंच नाही. फुफी, हे पाच महिने माझ्या टेबलावर होतं आणि मी बहिणीला म्हणत होतो, सही कर.

मी वही उचलली आणि हॉब्सनला न विचारता सरळ मालकांच्या घरी गेलो. हाजी यूसुफ तरुणपणी मुंबईत मोत्यांचा व्यापार करत, हिंदी आपल्यासारखी बोलतात. वहीतल्या तारखा त्यांनी बोटाने एकेक करून तपासल्या. मग म्हणाले, बहिणीला घेऊन ये.

पुढचं ती लिहील. मला एवढंच सांगायचं होतं, की मी तिची माफी मागितली आणि ती म्हणाली, "भाईजान, तारीख कोणती? वहीत लिहून ठेवते."

अशरफ १५ तारखेला उतरला. गठ्ठा त्याने सामानात ठेवला नव्हता, आख्ख्या प्रवासात उशाला घेतला होता. मेणकापड मुनिराच्या हातात देताना म्हणाला, "एकशे सव्वीस आहेत, मोजून घ्या." तिने मोजून घेतली. तो उभा होता.

हारून


७८६
अबू हलीफा, कुवेत
गुरुवार, ६ मे १९६५

प्रिय फुफी,
अस्सलामु अलैकुम.

भाईजाननी सगळं लिहिलं असं कळलं. नोकरी गेल्याचं मी लपवलं होतं. खोटं लिहिलं नव्हतं, पण लिहिलं नव्हतं, आणि तुम्ही म्हणाल ते एकच. माफ करा.

आता सगळं सांगते, ओळीने.

हाजीसाहेबांकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यापुढे दहाही दाखल्यांच्या नकला पसरलेल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बेटी, ये सात-आठ-छे क्या चीज़ है?" मी सांगितलं. अक्षरांच्या किमती सांगितल्या, बेरीज करून दाखवली. न विचारता लिहिल्याबद्दल माफी मागितली. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, वर्षभर माझ्या कागदांवर कोणी बिस्मिल्ला लिहीत होतं आणि मी हॉब्सनला म्हणत होतो, तुझी फाइल व्यवस्था फार उत्तम आहे. मग हसले, आणि एकदम हसायचे थांबले. दहावा दाखला उचलला, ७८७ कडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "और ये उसने लिखा."

दुसऱ्या दिवशी हॉब्सनसाहेबांच्या खोलीला कुलूप होतं. कंपनीने समितीला दिलेलं जुनं उत्तर हाजीसाहेबांनी लेखी मागे घेतलं. मला त्यांनी परत बोलावलं, पण मी म्हटलं, तपास संपेपर्यंत मी कंपनीची नोकर असले तर माझ्या बोलण्याला वजन राहणार नाही. त्यांना ते पटलं. माझा इकामा त्यांनी स्वतः जाऊन पुढे वाढवून घेतला. भाईजानची नोकरी टिकली. आता साहेबाच्या जागी त्यांना तात्पुरतं बसवलं आहे, आणि ते घरी येऊन नूरीभाभींना दोन बोटांनी टायपिंग करून दाखवतात.

समितीचं पत्र परवा आलं. ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. लिहिलं आहे, की माथ्यावरचा आकडा आम्ही आजवर कार्यालयाचा क्रमांक समजत होतो. तो खुलासा या तपासात दुसऱ्या कोणी केला नाही, करू शकलंही नसतं. त्या कारखान्याची पुढची दोन जहाजं समितीने बंदरातच थांबवली आहेत. एकात तीनशे पेट्या होत्या, दाखला क्रमांक ७८८. फुफी, ७८८! मी नूरीभाभींना वाचून दाखवलं तर त्या पोट धरून बसल्या आणि भाईजान घाबरून दाईला बोलवायला निघाले.

मला त्या चारशे पेट्यांचं राहून राहून वाटतं. त्या गेल्याच. त्या डोंगरात त्यांचं काय झालं असेल ते मी जाणून घ्यायला गेले तर झोप येणार नाही, आणि न गेले तरी येत नाही. पण तीनशे पेट्या बंदरात थांबल्या, कारण तुम्ही मला ७८६ विसरलेलं पान पुन्हा लिहायला लावत होतात.

समितीचे तीन सभासद कुवेतला आले आहेत. इथल्या त्यांच्या वकिलातीत बैठक आहे. माझं लेखी म्हणणं त्यांनी नोंदवून घेतलंय, पण कायद्याप्रमाणे ते मी समोर उभं राहून शपथेवर सांगितलं तरच पार्लमेंटपुढे जाईल. हॉब्सनसाहेबही समोर बसणार आहेत, त्यांना मला उलट विचारायची मुभा आहे. ते पहिला प्रश्न काय विचारतील ते मला माहीत आहे: फेब्रुवारीत मी दहाबद्दल विचारलं तेव्हा तू मला 'हो साहेब' म्हणालीस की नाही? हो, मी म्हणाले होते. आणि मी तेच सांगणार आहे, त्यांनी विचारायच्या आधी. माझी पहिली ओळ तीच असेल. दुसरी ओळ, की वर्षभर न विचारता मी कंपनीच्या कागदांवर लिहीत होते. या दोन रेघा मारून झाल्या की मग वरचं बरोबर वाचून दाखवीन.

तुम्ही पाठवलेली माझी एकशे सव्वीस पत्रं त्यांनी दुभाष्याकडून इंग्रजीत करवून घेतली आहेत. एकूण एक. म्हणजे रबियाखालाच्या मिठाचं कालवण आता विलायतेच्या पार्लमेंटच्या दप्तरात कायमचं गेलं. अशरफनी ते मूळ पत्र मागून घेतलं आणि वाचलं. मी खाली बघत होते. ते म्हणाले, "अम्मीला मी दहा वर्षं हेच सांगतोय, पण माझ्याकडे लेखी पुरावा नव्हता." ते या फेरीला पुन्हा आले आहेत, त्यांची आगबोट या रविवारी सुटते. त्यांनी एका दोस्ताशी पाळी बदलून घेतली आहे. का, ते सांगितलं नाही. रबियाखालांनी पुन्हा सुपारी मागितली, तर द्या.

एक गोष्ट मला सतावत होती. बैठकीत लेखी म्हणण्याची नवी प्रत सहीसह द्यायची आहे. तिच्या माथ्यावर मी काय लिहू? सवयीने लिहिलं तर पुन्हा न विचारता लिहिल्यासारखं होईल, आणि न लिहिलं तर माझा हात चालणार नाही. म्हणून मी समितीच्या सेक्रेटरींना चिठ्ठी लिहून परवानगी मागितली. आज त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: "तो आकडा नसेल तर कागद तुमचाच आहे अशी समितीची खात्री पटणार नाही."

कागद तयार आहे. माथा कोरा ठेवलाय, तो तिथेच, त्यांच्या समोर भरीन. भाईजान सोबत येणार, आवक-वही घेऊन. नूरीभाभींनी माझी पांढरी ओढणी इस्त्री करून ठेवली आहे. मला भीती वाटते आहे, पण ही ती आंब्याची भीती नाही. या वेळी मला आठवतंय.

बैठक सोमवार, १० मे १९६५, सकाळी नऊ वाजता.

तुमची,
मुनिरा